राणीच्या गालांवरची लाली

माझ्या बायकोला माझं सगळं ठाऊक आहे. तंबाखूची डबी मी कोठीत कुठल्या गाडग्यामागे ठेवतो, तेसुद्धा. पण आता जे सांगतो आहे ते तिच्याही कानावर गेलेलं नाही. इतकी वर्षं ते मी पोटात ठेवून बसलो — आणि खरं सांगू का, बराचसा हसत हसतच बसलो. तुम्हाला सांगायला सोपं जातं, कारण तुम्ही बकारामला ओळखत नाही.

आधी माझ्या तोंडाबद्दल सांगायला हवं. मी आईवर गेलो, म्हणून गोरा. अठरा-एकोणीसचा झालो आणि माझे गाल, नाकाचा शेंडा एकाएकी लाल व्हायला लागले. उन्हात उभा राहिलो की लाल. गरम चहा प्यालो की लाल. मिरचीचा रस्सा खाल्ला, धान उकडायच्या चुलीपाशी बसलो, कुणावर चिडलो — लाल! कानापर्यंत आग आग व्हायची आणि अर्ध्या-पाऊण तासानं ओसरायची. आमच्याकडे टोमॅटोला भेदरं म्हणतात. पोरांनी माझं नाव भेदऱ्या पाडलं, तेवढं चालून गेलं असतं. पण मोहाच्या दारूच्या मुलखात तरण्या पोराचं तोंड लाल दिसलं तर लोक काय समजणार?

तेच समजले. शेतातून आलो की बाबा दारातच उभे. "हा कर." मी हा करायचो. ते नाक पुढे करून वास घ्यायचे, वास काही यायचा नाही, तरी मान हलवून आत जायचे. आईला वाटायचं पोराला नजर लागली. मग ती माझ्यावरून मिरच्या ओवाळून चुलीत टाकायची, आणि त्या धुरानं मी आणखी लाल! गोंडपिपरीकडचं एक चांगलं स्थळ चालून आलं होतं, तेही असंच गेलं. पाहुण्यांचा मान राखायचा म्हणून मी दोन कप कढत चहा घेतला होता. "पोरगा दुपारीच घेऊन बसला हाय," असं म्हणत ते बैलगाडीत चढले. आता आठवलं की हसू येतं. तेव्हा मी गोठ्यात जाऊन रडलो होतो.

हे सांगतो ते दया यावी म्हणून नाही. पुढे मी काय केलं ते कळावं म्हणून.

आमचं गाव सावली गावाच्या अलीकडे, धानाच्या पट्ट्यात. दिवाळी झाली की आमच्या झाडीच्या मुलखात गावोगाव मंडई भरते, म्हणजे एका दिवसाची जत्राच. लेकी-जावई येतात, घरं पाहुण्यांनी फुलून जातात, आणि गावची पोरं मांडव घालून नाटकाचे खेळ करतात. पन्नास-पंचावन्न सालच्या सुमारास बायांची कामं पोरंच करायची. आमच्या गावात राणीचं काम बकारामचं. ते दुसऱ्या कुणाला द्यावं असं कुणाच्या मनातही यायचं नाही.

बका माझा जिवलग. काळासावळा, किडकिडीत, बोलायला भिडस्त. पण लुगडं नेसून उभा राहिला की बघत राहावं! त्याचं ते डोळे खाली घालणं, पदर सावरणं, एक पाऊल टाकून थांबणं — कुठून शिकला होता कोण जाणे. एकदा तालमीत त्याच्या सख्ख्या आईनं त्याला विचारलं होतं, "कोनाची सून हो, बाई?" वर्षभर तो दुसऱ्यांच्या धानाच्या बांधीत राबायचा, शिव्या खायचा, आणि मंडईच्या त्या एका दिवसासाठी जगायचा. हे मला ठाऊक होतं का? माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी खेळात एक प्रसंग होता — राजा लढाईवरून परततो आणि राणी त्याला पाहून लाजते. तालमीच्या एका दुपारी बका हिवतापानं फणफणला. नाटकाचे मास्तर मला म्हणाले, आजच्या पुरता तू उभा राहा. तालीम चालायची त्या खळ्यात मी चुलीपाशी बसून आल्याचा, गुळाचा, जीभ पोळेल असा चहा नुकताच संपवला होता. उठलो, पदर घेतला, राजाकडे पाहिलं — आणि झालं. गाल पेटले.

हातातली कामं टाकून सगळे पुढे सरकले. मग मास्तर ओरडले, "अरे पाहा, पाहा! हा तं खरंच लाजून राह्यला!"

तुम्हीच सांगा, मला काय वाटलं असेल? ज्या तोंडाचा बाप वास घ्यायचा, जे पाहून स्थळं परत जायची, त्याच तोंडाकडे तीस माणसं तोंडात बोट घालून बघत होती. मला आनंद झाला. इतका, की गाल आणखीनच लाल झाले, आणि लोकांनी आणखीनच वाहवा केली. त्याच क्षणी म्हणायला हवं होतं — मास्तर, हा चहा आहे. पाच शब्दसुद्धा लागले नसते.

मी बोललो नाही. पण ते गप्प राहणं हा माझा गुन्हा नव्हे. तेवढंच असतं तर मी तुम्हाला बसवून घेतलं नसतं.

आठवड्यानं बका उठला. मास्तरांनी त्याला सांगितलं, तू झकास करतोस, पण लाजेची लाली गालावर आली तर राणी तुझी, नाहीतर याची. संध्याकाळी तो मला बोडीच्या पाळीवर, तळ्याच्या काठी, घेऊन गेला. अंगात अजून ताकद नव्हती, दोनदा वाटेत बसला. म्हणाला, "कसा आनतेस गा तू? मले बी सांग ना. तू सांगशीन तसा करीन."

आणि मी त्याच्या डोळ्यात बघून म्हणालो — हे शब्द मी कधी विसरलो नाही — "आतून यावं लागते, बका. तुह्या आत नसन, तं कुठून येईन?"

तुम्हाला पटतं का, की मी हे म्हणालो? मला ठाऊक होतं की माझ्या आत त्या वेळी आल्याच्या चहाखेरीज काही नव्हतं. मला हेही ठाऊक होतं की बका काळासावळा. तो जन्मभर लाजला असता तरी गॅसबत्तीच्या उजेडात त्याची लाली कुणाला दिसणार होती? त्यानं मात्र मान डोलावली. "खरं हाय," म्हणाला. आणि कामाला लागला! पितळी ताटात तोंड पाहत बसायचा. श्वास कोंडून धरायचा, डोळे बाहेर येईपर्यंत. एकदा गालांना लाल मिरची चोळली आणि दोन दिवस त्याचं तोंड असं सुजलं की आईनं ओळखलं नाही. सगळं गाव हसलं. मी पोट धरून हसलो. तो स्वतःही हसला — बका तसाच होता.

राणी मी झालो.

त्या पहिल्या खेळाचं काय सांगू! लुगडं, बिंदी, हातभर बांगड्या. राजा आला, मी मान वळवली, आणि दोन्ही गालांवर लाली चढली. म्हाताऱ्या बायांनी कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. आजूबाजूच्या गावांतून बोलावणी यायला लागली. बाबा घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, माझ्या पोराची लाज पाहायला लोक कोसावरून येतात. त्यांनी पुन्हा कधी माझ्या तोंडाचा वास घेतला नाही. चार मंडया मी राजासमोर लाजलो आणि त्या चार वर्षांइतका सुखी मी कधीच नव्हतो. खोटं कशाला बोलू?

आणि कढत चहाचा कप प्रवेशाआधी पडद्यामागे माझ्या हातात कोण द्यायचं? बका. घसा बसू नये म्हणून लागतो, असं मी त्याला सांगितलं होतं. तो फडक्यात धरून आणायचा, फुंकरही मारू द्यायचा नाही. "गरमच घे, आवाज मोकरा राह्यते," म्हणायचा. मग माझी वाक्यं पुटपुटत पडद्याआड उभा राहायचा. त्याला सगळी पाठ होती.

दुसऱ्या वर्षीच गालांवर बारीक पुटकुळ्या यायला लागल्या. लाली आली की जाईना. सावलीला एका डॉक्टरला तोंड दाखवलं. त्यांनी माझा चेहरा खिडकीकडे वळवला, दिवसभर काय खातो-पितो ते विचारलं, आणि हसून म्हणाले, ही दारू नाही आणि नजरही नाही. कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या लवकर फुगतात, एवढंच. समूळ जात नाही, पण सांभाळता येतं. चहा निववून प्यायचा. मिरची कमी. उन्हात डोक्याला दुपट्टा आणि तोंडावर सावली. आगीपाशी बसायचं नाही. तोंड गार पाण्यानं हलकंच धुवायचं, चोळायचं नाही, आणि कुणी देईल ते मलम फासायचं नाही. कशानं चढतं ते तुझं तूच ओळखून ठेव, म्हणाले. त्यांनी आजाराचं नावही सांगितलं होतं, ते मी दवाखान्याच्या पायरीवरच विसरलो. हल्ली नव्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नातीनं वाचून दाखवलं — रोझेशिया.

कशानं चढतं ते ओळखून ठेव! मला तर ते पाठच होतं. वर्षभर मी डॉक्टरांचं सगळं ऐकायचो, गाल निवळायचे. मंडई आली की सगळं उलटं करायचो — चुलीपाशी बसायचो, मिरची खायचो, चहा ढोसायचो. असा पेशंट त्यांना दुसरा भेटला नसेल. चौथ्या वर्षी तोंड इतकं सुजलं की मास्तरच म्हणाले, आता पुरे.

तेव्हा ते बकाकडे गेले. मीही बरोबर होतो. मनात म्हटलं, चला, आता ज्याचं त्याला मिळेल, आणि मला काही बोलावंही लागणार नाही. मास्तर म्हणाले, लालीबिली सोड, राणी तू कर. बका पेटी पुसत बसला होता. एव्हाना पेटी वाजवायला शिकला होता. वर न बघता म्हणाला, "नाई, मास्तर. मह्या आत नाई ते."

मी तिथेच उभा होतो. माझेच शब्द मी ऐकले. मग मास्तरांच्या मागोमाग निघून आलो.

त्यानंतर बका कधी पदर घेऊन उभा राहिला नाही. पेटी मात्र सुरेख वाजवली त्यानं, पार म्हातारा होईपर्यंत. आमच्या गावाला त्याच्यासारखी राणी पुन्हा मिळाली नाही. आता ते सांगणारेही फारसे उरले नाहीत. मी आहे, आणि मी सांगत नव्हतो.

गेल्या मंडईला तो आमच्या अंगणात आला. दात गेले, हसणं तेच. घर पाहुण्यांनी भरलेलं, पोरं चिवडा खात होती, सगळीकडे नुसता गलका. माझ्या नातीनं विचारलं, आजोबा खरंच राणी व्हायचे का हो? बकानं मांडी ठोकली. "असा नट नाई झाला, पोरी! लाजे तं गाल लाल होऊन जाये. मी लय केलो, मिरची बी लावलो. नाई जमलं. याच्या आत होतं, मह्या आत नोयतं."

पोरं हसली. तोही हसला. ऊन कलतं होतं, वारा गार होता. माझ्या हातातला चहा मी केव्हाचा निवू दिला होता, तोंडाला लावलाही नव्हता. आणि कानशिलं गरम झाली. गाल पेटले, कानापर्यंत, मानेपर्यंत. इतके तर राजासमोर कधी पेटले नव्हते.

"पाहा, पाहा!" बका उठून उभाच राहिला. "अजून येते! मी सांगत नोयतो, आतून येते म्हून?"

मी मान खाली घातली. सगळ्या अंगणानं टाळ्या वाजवल्या. बकानं सगळ्यांत जोरात.