वाक्याला वाक्याची ओळख

या गं मुलींनो, अशा जवळ बसा. आधी थोडं रागावून घेते. झुबेदाआपांना जाऊन महिना झाला, आणि शाळेतल्या शोकसभेत तुम्ही सगळ्या जणी ‘इंग्रजीच्या कडक बाई’ एवढंच बोलून घरी गेलात. कडक होत्याच. पण त्या कडकपणानं माझं काय झालं, ते कुणीच सांगितलं नाही... मग मीच सांगते की.

चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तरची गोष्ट. मी तुमच्याच शाळेत शिपाई होते. क्लार्कची जागा निघणार होती, पण त्याला मॅट्रिक पाहिजे. बाहेरून बसले आणि इंग्रजीत दोनदा नापास झाले. शब्द पाठ, व्याकरण पाठ, तरी निबंधात मार्क पडेनात. एकदा मधल्या सुट्टीत आपांना वही दाखवली. ‘आय वेंट टु द मार्केट. माय मदर वॉज इल. मँगोज वेअर कॉस्टली.’ आपांनी भाकरीचा घास खाली ठेवला.

“अगे, तेरे वाक्यां राशन की लाइन में खडे हैं क्या? एक को दूसरे की पैचानच नै.”

मला राग आला. म्हटलं, “आपा, एकबी चूक न्हाय त्यात.”

“चूक नै. पर आंबा कायकू आया बीच में? मराठीत सांग बरं.”

मी तणतणत सांगितलं, “आई आजारी, म्हणून बाजारात गेले. गेले तर आंबे लई महाग. महाग म्हणून एकच घेतला. तो एक आंबा बघून आई हसली.”

आपांनी माझी वही मिटली. “गेले, गेले तर. महाग, महाग म्हणून... बोलताना मागच्या वाक्याचं शेपूट धरून चालतेस. अंग्रेजी लिखते वख्त वो शेपूट कायकू छोडती?”

झालं. त्या दिवसापासून मी प्रत्येक वाक्याचं शेपूट धरायला लागले, इतकं की आपाच वैतागल्या. म्हणाल्या, “जिथं वाट सरळ दिसते, तिथं वाचणाऱ्याचा हात धरायचा नसतो.” हे उमजायला मात्र अख्खं वर्ष गेलं.

तिसऱ्यांदा बसले, आणि पास झाले. आपा सात रस्त्याच्या चौकात भेटल्या, हातात मेथीची जुडी. शाबासकी नाही, काही नाही. “निबंध सुना,” म्हणाल्या. मी तिथंच, भर रस्त्यात, पहिल्यापासून इंग्रजीत म्हणायला लागले. टांगेवाला ओरडला, “बाजूला व्हा की बाई.” आपा त्याला म्हणाल्या, “ठैर रे, वाक्य पूरा होने दे.” शेवटपर्यंत त्यांनी मला एकदाही अडवलं नाही.

“चला, क्लार्कबाई,” म्हणाल्या. जागा मिळायच्या आधीच... आणि ती मिळालीच.

त्यांच्या घरातली खिडकीजवळची वेताची खुर्ची आता माझ्या घरी आहे. इंग्रजीत काही लिहिलं की तिच्यासमोर मोठ्यानं वाचते, आणि कुठं अडखळतंय ते बरोबर कळतं. लवकर या गं एकदा माझ्या घरी. येताना चार ओळी इंग्रजीत लिहून आणा. तुम्ही वाचा, मी ऐकते.