चिंच लावलेलं चाक

माझ्या सासूबाई, सुलेखाबाई, साताऱ्याहून अमेरिकेत, फ्रीमाँटला आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या त्याला आता तीन वर्षं होऊन गेली. येताना त्यांनी दोन बॅगा आणि एक कायदा आणला. बॅगा पहिल्याच दिवशी रिकाम्या झाल्या, कायदा अजून लागू आहे. भाताचा डाव आमटीत बुडवायचा नाही, जेवत्या हाताने दह्याच्या भांड्याला शिवायचं नाही, खरकटं ते खरकटं आणि चांगलं ते चांगलं. माझ्याच स्वयंपाकघरात मी पाहुणी झाले. मला राग यायचा, पण त्याचा उपयोग शून्य, कारण त्या आवाज कधी चढवत नाहीत. नुसतं भांडं उचलतात आणि पुन्हा धुतात, तेही माझ्यादेखत.

त्यांची दुसरी ख्याती देवाच्या भांड्यांची. चिंचेचा कोळ आणि चिमूटभर मीठ लावून त्यांनी तांब्या घासला, की त्यात बघून टिकली लावावी. हे तंत्र डोक्यात ठेवूनच मागच्या ऑगस्टमध्ये मी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

झालं असं, की राजीवने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, गाडीला हौसेने नवी ॲल्युमिनियमची चाकं बसवली होती. आरशासारखी पॉलिश केलेली, वर संरक्षक लेपबिप काही नाही. तो ऑफिसच्या कामाने सिअ‍ॅटलला गेला आणि चार दिवस मी ती गाडी फ्रीवेवर पळवली. ब्रेकची काळी पूड चाकांवर जाऊन बसली. तो यायच्या आत चकाचक करून ठेवू, म्हणून ऑफिसातून आल्या आल्या, चाक अजून गरम असतानाच, मी पुढच्या चाकाला चिंच थापली. तेवढ्यात फोन आला. पाच मिनिटांचा कॉल पाऊण तास चालला. बाहेर येऊन बघते तर चिंच उन्हात वाळून कडक झालेली, आणि धुतल्यावर खाली करडे चट्टे. मग मी भांड्यांची हिरवी घासणी घेतली. चट्टे तसेच राहिले, वर ओरखडे आले.

संध्याकाळी राजीव आला. बॅग खाली ठेवायच्या आधी त्याला चाक दिसलं. वाकून त्याने वास घेतला. आमच्या घरात चिंच म्हटलं की संशय एकाच माणसावर जातो.

"आई, हे तू केलंस?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, चाकाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तांब्याला चालते, म्हटलं याला का नाही चालणार."

राजीव ओरडला नाही. त्याने पंधरा मिनिटं आंबट पदार्थ आणि ॲल्युमिनियम यांचं शत्रुत्व समजावून सांगितलं आणि शेवटी गाडीला हात लावू नकोस म्हणाला. त्या मान डोलावत राहिल्या. मला स्वतःची लाज वाटली, आणि मला ती सहसा वाटत नाही.

राजीवने पॉलिश लावून बरेचसे ओरखडे घालवले. आईला बोललो याचं त्यालाही वाईट वाटलं असावं, कारण पुढच्या रविवारी त्याने त्यांना बाहेर खुर्ची टाकून दिली आणि चाकं धुवायला शिकवायला घेतलं. आधी चाक पूर्ण गार होऊ द्यायचं. नळीने पूड वाहून जाऊ द्यायची. मग साधा सौम्य साबण आणि मऊ ब्रश. एका वेळी एकच चाक, आणि साबण वाळायच्या आत धुऊन मऊ फडक्याने टिपून घ्यायचं. चाकांची बादली वेगळी, गाडीच्या अंगाची वेगळी. एवढं सांगून राजीवने स्वतःच चाकाचं फडकं दुसऱ्या बादलीत बुडवलं.

"खरकटं केलंस," म्हणत सासूबाईंनी ती बादली ओतून दिली. फडक्यातली पूड रंगावर ओरखडे काढते, हे राजीवला पटलंच. तो खूश होऊन म्हणाला, की आई, तुला माझ्यापेक्षा छान जमतंय, आता दर रविवारी तूच कर, मी आत लॅपटॉप घेऊन बसतो.

पुढच्या रविवारी सासूबाईंना काहीच आठवेना. साबण आधी की पाणी आधी, कुठली बादली कशाची, सगळा गोंधळ. राजीव लॅपटॉप मिटून बाहेर आला. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. त्या विचारायच्या, तो दाखवायचा, मध्येच त्याच्या शाळेच्या, बाबांच्या स्कूटरच्या गोष्टी निघायच्या. चार चाकांना दीड तास लागायचा. आमची केया अकरा वर्षांची आहे. ती खिडकीतून बघून म्हणाली, "मॉम, आजी इज टोटली फेकिंग इट." मी तिला गप्प केलं. मला वाटलं, माझ्या खोटेपणाने म्हातारीने हाय खाल्ली.

शेवटी मला राहवेना. ऑक्टोबरातल्या एका रविवारी राजीव नळी आणायला गॅरेजमध्ये गेला, तेव्हा मी त्यांच्यापाशी जाऊन बसले.

"आई, मी आज राजीवला खरं सांगणार आहे."

"कशाला?"

"माझ्या चुकीचं तुम्ही ऐकून घेतलंत. मला ते रोज टोचतं."

त्यांनी गॅरेजकडे पाहून आवाज खाली आणला. "टोचू दे थोडं. हे बघ, त्या दिवशी मी बोलले ते घरात कटकट नको म्हणून. पण आता तू सांगितलंस तर तो मला शिकवायचं बंद करेल. तीन वर्षांत मुलगा माझ्यापाशी निवांत बसला तो या चाकांजवळच."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. कारण त्या तीन वर्षांत मीही त्यांच्यापाशी अशी कधी बसले नव्हते.

राजीव नळी घेऊन आला आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, की आईचं विसरणं वाढलंय, यार, डॉक्टरची अपॉइंटमेंट घेऊ का. त्याच्या पाठीमागे सासूबाई माझ्याकडे एकटक बघत होत्या.

"डॉक्टर कशाला? वय झालंय त्यांचं," मी म्हटलं. "हळूहळू येईल. तू फक्त रविवार चुकवू नकोस."