ठाण्यातल्या बाकावरची गयामावशी

गयामावशी गेल्याचं मला तिच्या मुलाकडून, दत्ताकडून कळलं. सकाळी मी बीडच्या घरी ज्वारी निवडत बसले होते. फोन उचलला तर तो म्हणाला, "मॅडम, आई गेली... झोपेतच गेली. तुमचा नंबर तिनं भिंतीवर लिहून ठेवला होता, मनून केला." निवडलेली ज्वारी मी परत न निवडलेल्या ज्वारीत ओतली. पोलीस खात्यात माझी उभी हयात गेली. मयत, पंचनामे, रडारड यांची मला सवय आहे असं घरचे म्हणतात. त्या सकाळी काही ती सवय उपयोगाला आली नाही.

धारूरकडच्या डोंगरपट्ट्यातल्या एका लहान ठाण्यात माझी बदली झाली, तेव्हा मी तिथली एकटीच बाई शिपाई होते. ठाण्यासमोर रस्त्यापलीकडे सहकारी दूध संस्थेची डेअरी होती आणि तिथं दूध मापून घ्यायचं काम गयामावशी करायची. ठेंगणी, कपाळावर गोंदण, आवाज पुरुषासारखा खणखणीत. बाईमाणसाच्या पंचनाम्याला बाई पंच लागली की आमचे जमादार दारातूनच हाक मारायचे आणि मावशी पदराला हात पुसत यायची. अंगठा उमटवायची नाही, सही करायची. चौथीपर्यंत शिकल्याचा तिला अभिमान होता.

अशाच एका पंचनाम्याला ती आली होती. नवऱ्यानं मारहाण करून हाकललेली एक बाई होती. तिचं रक्तानं भरलेलं लुगडं आम्ही मुद्देमाल म्हणून जप्त केलं, कागदात बांधलं, सील केलं. सगळं नियमाप्रमाणे झालं. ती बाई मात्र दवाखान्याची चादर अंगाला गुंडाळून कोपऱ्यात बसली होती आणि मी, खरं सांगते, तिच्यावर खेकसत होते की बाई लवकर बोल, जबाब संपवायचाय. मावशीनं सही केली, उठली आणि घरून आपलं धुतलेलं लुगडं घेऊन आली. दार लावून घेतलं, तिला नेसवलं, शेजारी बाकावर बसली. मग मला म्हणाली, "पोलीसबाई, कावून घाई करता? तिला घर ऱ्हायलंय का जायाला?" मला राग आला. रात्री घरी गेल्यावर मात्र माझं मलाच कसंतरी झालं.

तेव्हापासून अशी कुणी आली की मी स्वतःहून मावशीला बोलवायला लागले. फौजदारसाहेबांनीही हरकत घेतली नाही. पुढे अशा मदतीला माणसं नेमतात, त्यांना प्रशिक्षण देतात, हे मी पाहिलं. मावशीला कुणी नेमलं नव्हतं. तिचा एकच नियम होता. काय झालं हे ती कधी विचारायची नाही. जेवलीस का, पोरं कुणापाशी ठेवलीस, एवढंच. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाली, "तुमी इचारता ते कागदासाठी. मला कुठं कागद करायचाय?"

मग तो दुष्काळ आला. धरणाचं पाणी खाली गेलं, जनावरं छावणीत गेली, डेअरीत दूध इतकं कमी येऊ लागलं की निम्मे कॅन कोरडे पडून राहायचे. त्याच उन्हाळ्यात डोंगराकडच्या एका वस्तीवरची एकोणीस वर्षांची सून ठाण्यात आली. तिचं नाव मी लिहीत नाही. नवरा माजलगावकडे कारखान्यावर ट्रॅक्टर चालवायला होता. ती भर दुपारी लांबच्या विहिरीवर पाण्याला गेलेली असताना गावातल्या एकानं तिच्यावर जबरदस्ती केली होती. तो दूध संस्थेच्या चेअरमनचा पुतण्या निघाला. मावशीचं पोट त्याच संस्थेवर होतं. मला वाटलं, आज काही मावशी येत नाही. तरी हाक मारली. ती आली, पोरीशेजारी बसली आणि जबाब संपेपर्यंत तिनं तिचा हात सोडला नाही.

गुन्हा नोंदवला, आरोपी धरला आणि चौथ्या दिवसापासून त्या वस्तीवर पाण्याचा टँकर जायचा बंद झाला. कुणी म्हणे रस्ता खराब आहे, कुणी म्हणे डिझेल नाही. सासरा ठाण्यात येऊन म्हणाला, "साहेब, मिटवून घ्या. आमी पाण्याबिगर मरतो." पोरगी खाली मान घालून उभी होती. साहेबांनी तहसीलला पत्र लिहिलं, पण पत्रानं घागर भरत नाही... दुसऱ्या सकाळी मावशीनं डेअरीतले कोरडे कॅन काढले, बसस्टँडमागच्या बोअरवर भरले आणि संस्थेच्या टेम्पोत चढवून वस्तीवर नेले. असं नऊ दिवस, टँकर पुन्हा सुरू होईपर्यंत. शेवटी चेअरमन स्वतः डेअरीवर आले. मी रस्त्यापलीकडे उभी होते, मला सगळं ऐकू आलं.

"संस्थेचे कॅन कुणाला इचारून नेले?"

"संस्था सभासदांची हाय, दादा. त्या वस्तीवर सहा सभासद हायेत. त्यांना इचारलं."

महिन्याभरात मावशीचं काम गेलं. दूधच नाही तर माणूस कशाला, असं कारण दिलं. तिनं गोधड्या शिवायला घेतल्या. मी एकदा वाईट वाटून काही बोलायला गेले तर म्हणाली, "हातातून दुधाचा वास गेला बघ, लई बरं झालं," आणि हसली. पण डेअरीवरून जाताना ती मान वळवून पलीकडं बघायची, ते मी पाहिलंय.

खटला उभा राहिला तेव्हा दोन वर्षं उलटली होती. आरोपीच्या वकिलाच्या उलटतपासणीत पोरगी अडकली. न्यायाधीशांनी थोडा वेळ दिला. बाहेर लिंबाखाली ती मावशीला म्हणाली, "मला न्हाई जमत." मी धीर द्यायला पुढं झाले, तोच मावशी म्हणाली, "नगं जमू दे. चल, घरी जाऊ." मी हादरलेच. एवढी धावपळ, एवढे कागद... मी डोळ्यांनी मावशीला खुणावत होते, तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. पोरगी बसून राहिली. पाणी प्याली. मग उठली, पदर खोचला आणि कुणाला काही न सांगता आत गेली. त्या दिवशी ती नीट, सावकाश, एकेक गोष्ट बोलली.

येताना एसटीत मी भांडले. "ती खरंच घरी आली असती तर?"

"तर आलो असतो," मावशी म्हणाली. "त्ये तिचं हाय, पोरी. तुझं न्हाई, माझं बी न्हाई."

आरोपीला शिक्षा झाली. पुढं अपिलात ती कमी झाली आणि काही वर्षांनी तो सुटूनही आला. पोरगी नवऱ्याबरोबर माजलगावकडे राहायला गेली. नवऱ्यानं तिला सोडलं नाही, हे इथं लिहायलाच हवं. माझी बदली झाली, मग निवृत्ती. मावशीची भेट वर्षातून एखादी.

दहाव्याला मी गेले तेव्हा अंगणात दत्ताच्या बायकोला प्रश्न पडला होता. आठ-दहा अनोळखी बाया येऊन बसल्या होत्या. नात्यातल्या नाहीत, गावातल्या नाहीत, एकमेकींच्याही ओळखीच्या नाहीत. मी त्यांतल्या चौघींना ओळखलं आणि मुकाट्यानं दुसरीकडे पाहिलं. आठवडी बाजारात एकदा अशीच एकजण दिसली म्हणून मी हाक मारायला गेले होते, तेव्हा मावशीनं माझा दंड धरला होता. "ती बोलली तर बोलायचं. न्हाईतर तू तिला वळखत न्हाईस."

मावशीची सून एकेकीला विचारत होती, कुठल्या तुमी? "मावशीच्या वळखीची," प्रत्येक जण म्हणत होती. शेवटची बाई चाळिशीकडे झुकलेली, केसांत एखादी पांढरी बट. तिनं माझ्याकडं पाहिलं, ओळखून मान हलवली. मग सुनेकडं वळून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझ्यावर जबरदस्ती झालती. तवा ठाण्यात, कोर्टात तुमची सासू माझ्याजवळ व्हती."

सून तिच्याजवळ सरकून बसली आणि तिनं सासूबद्दल हळूच विचारलं, "काय सांगायच्या ओ आत्या तुमाला?"

"काय बी न्हाई," ती म्हणाली. "बसायची नुसती."