दहावीच्या वर्षातला गरम टीव्ही

मी दहावीत गेले आणि बाबांनी टीव्हीवर आईचं भरतकामाचं कव्हर चढवलं. "वर्षभर तिघांपैकी कोणीही लावायचा नाही! तू पाळलंस, तर परीक्षा संपल्यावर सायकल." सायकलसाठी मी दोन वर्षं भुणभुण लावली होती. लागले अभ्यासाला.

आता माझ्या कानांचं सांगते. त्या वेळचा टीव्ही चालू असला, की आवाज बंद केला तरी आतून एक बारीक चीं असा सूर यायचा. मोठ्यांना तो ऐकूच यायचा नाही. मला मात्र आमच्या नवघरच्या बिल्डिंगच्या जिन्यातच कळायचं.

एका दुपारी क्लास लवकर सुटला. दाराशी पोचतेय तर तोच सूर! चावीने दार उघडलं. पहिली पाळी करून आलेले बाबा मुकं क्रिकेट बघतायत, आणि टेबलफॅन टीव्हीच्या पाठीवर सोडलाय! कारण आई ऑफिसातून आली, की टीव्हीच्या पाठीला हात लावून बघायची, गरम तर नाही ना.

"आईला बोलू नकोस हं," बाबा म्हणाले. नाही बोलले.

महिन्याभराने पुन्हा सूर. बाबा कामावर, मग आत कोण? आई! रजा टाकून दुपारची मालिका बघत होती. समोरच्या भाभीला कळू नये म्हणून आवाज बंद. एक अक्षर ऐकू येत नव्हतं, तरी बाई घळाघळा रडतेय!

"बाबांना नको हं सांगूस," ती म्हणाली. नाही सांगितलं. पण दोघांचा असा राग आला म्हणता! उपास तिघांचा, आणि उपाशी मी एकटी.

शेवटचा पेपर देऊन जिना चढले, तर सूर होताच. मी चावी लावेपर्यंत बंद झाला. बाबा साळसूदपणे पेढ्यांचा पुडा सोडत बसलेले. दहा मिनिटांनी आई आली आणि सवयीने टीव्हीच्या पाठीला हात लावला.

"अगंबाई, हा तर गरम आहे!"

तिने बाबांकडे बघितलं. बाबांनी माझ्याकडे, आणि लगेच ओरडले,

"कार्टे, एक दिवस धीर धरवला नाही? गेली तुझी सायकल!"

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. "सांगू?" मी म्हटलं. "सगळं सांगू? दोघांचं?"

बाबा टेबलफॅनकडे बघायला लागले. आईने पदर डोळ्यांकडे नेला आणि तसाच खाली सोडला.

"जाऊ दे," दोघं एकदमच म्हणाले, "पोरीची परीक्षा संपलीय."

सायकल दुसऱ्याच दिवशी आली, न मागता घंटीसकट.