बेकरीवाल्यांच्या पोटावरचा हवाई मार्ग

शिंपीमास्तरांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी थेट माझा गळा धरला. नाव नाही, गाव नाही, दुकानात पाऊल टाकलं आणि टेप मानेभोवती! मी मनातल्या मनात मृत्युपत्र केलं आणि घड्याळ मेहुण्याला मुळीच द्यायचं नाही असं ठरवत होतो, तेवढ्यात मास्तर म्हणाले, "साडेपंधरा. वहिनी चांगलं खाऊ घालतात."

जगात खरं बोलते ती फक्त टेप, असं मास्तरांचं ठाम मत. त्यामुळे त्यांच्या मुलीला दूरदेशच्या शहरात नर्सची नोकरी लागली, तेव्हा भिंतीवरची ओल झाकायला लावलेला जगाचा नकाशा त्यांनी मोजायला घेतला. मी शर्ट न्यायला आलो होतो. बसलो तमाशा बघत.

"दहा तासांच्या आत पोचत असशील तर जा," ते म्हणाले. "म्हणजे मशीनवरचा माझा एक दिवस. त्याहून लांब पाठवणार नाही."

"साडेनऊच लागतात, बाबा. तिकिटावर छापतात तसं."

"छापणाऱ्याचं काय जातंय?" मास्तरांनी इंचांचे मैल केले, मैलांना विमानाच्या वेगाने भागलं. "हे बघ, साडेदहा तास! तेही सरळ रेषेत. सरळहून जवळचा रस्ता काढलाय का तुझ्या विमानवाल्यांनी?"

पोरीचे डोळे भरले. होकार कळवायची मुदत त्या संध्याकाळी संपत होती.

इतक्यात दारातून आधी एक पोट आणि मागोमाग बेकरीवाले शेठ आत आले. कोटाचं माप द्यायचं होतं.

मुलीने नाक पुसलं आणि मास्तरांचा खडू उचलला. "काका, हलू नका हं." शेठच्या शर्टावर पोटाच्या दोन्ही बाजूंना तिने एकेक फुली मारली. "बाबा, हे आपलं शहर, हे माझं. मोजा."

मास्तरांनी पोटाच्या डोंगरावरून सरळ टेप नेली. तीस इंच.

"आता थोडी वरून, छातीखालून न्या. विमान असंच जातं."

सत्तावीस.

"पृथ्वी तुमच्या नकाशासारखी नाही, बाबा. शेठकाकांसारखी आहे."

"मला गुदगुल्या होतायत," पृथ्वी म्हणाली.

मास्तरांनी पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा. "श्वास सोडा, शेठ! पोट आत ओढून जग लहान करू नका." तरी सत्तावीसच. सपाट कापड गोल माणसांवर बसवण्यात ज्यांची तीस वर्षं गेली, ते तिकिटाशी भांडले असते. टेपशी कसे भांडणार?

"जा," ते म्हणाले आणि शेठच्या कोटाची बाही मोजू लागले. एकच बाही चार वेळा मोजली.

मुलगी गेली. त्याला आता सहा वर्षं झाली. त्या साडेनऊ तासांसाठी मास्तरांनी अजून पासपोर्ट काढलेला नाही.