आरशातले आप्पासाहेब

शेजारच्या आप्पासाहेबांकडे वडिलांच्या वेळची लांबलचक अमेरिकन गाडी आहे. ती बनवणारी कंपनी कधीच बुडाली, इंजिनही मेलं. तरी दर दसऱ्याला तिला झेंडूचा हार घालतात, चाकांखाली लिंबं ठेवतात. आप्पासाहेब ऐटीत स्टिअरिंगवर बसतात आणि आम्ही चौघं मागून ढकलतो.

"सावकाश! पिकअप जबरदस्त आहे तिचा!" ते ओरडतात. आम्ही मागे फिदीफिदी हसतो. ज्याला पाहून एकेकाळी उठून उभं राहावं लागे, त्याला ढकलण्यात वेगळीच मजा असते.

यंदा लिंबं फुटली आणि माझी नजर गाडीतल्या आरशाकडे गेली. आप्पासाहेब त्यातून आम्हालाच बघत होते.

संध्याकाळी सोनं द्यायला गेलो. त्यांनी पाठीवर हात ठेवून विचारलं, "पुढच्या वर्षी येशील ना रे ढकलायला?"