व्हर्लिन टकेटचा उजेड

व्हर्लिन टकेट माझ्या दुकानात वीसेक वर्षं काउंटरमागे उभा राहिला, आणि एवढ्या वर्षांत अपमान केल्याशिवाय त्याने एकाही गिऱ्हाइकाला माल विकला नाही. तरी लोक त्याच्याकडेच यायचे. टॅलो बेंडसारख्या गावात करमणूक ती काय असणार? रविवारी चर्च, शुक्रवारी पोरांची फुटबॉल मॅच, आणि एरवी पॅजेटच्या दुकानात जाऊन व्हर्लिन आज कुणाची सालटी काढतोय ते बघायचं. दुकान माझ्या वडिलांचं. माशांचं आमिष, शिकारीचे परवाने, काडतुसं, बंदुका. वडील गेल्यावर मी, लुएला पॅजेट, गल्ल्यावर बसले आणि व्हर्लिनला तसाच ठेवला. त्याची जीभ कात्रीसारखी चालायची, पण तिच्यावर माझं दुकानही चालायचं.

त्याचा खरा जीव बॅटऱ्यांत. बंदुकीच्या नळीखाली लावतात त्या, मुठीएवढ्या, पण अंगणापलीकडचं झाड दाखवतील अशा. घरात बंदूक ठेवणाऱ्या प्रत्येकाने ती लावलीच पाहिजे, असं त्याचं म्हणणं, आणि कुणाला कुठली लावायची हे त्याच्याइतकं कुणाला कळत नव्हतं, हेही कबूल करायला हवं.

म्हातारा ओडेल प्रूइट एकदा आला आणि म्हणाला, "सगळ्यात जास्त उजेडाची दे."

"कशाला? घरात विमान उतरवायचंय?" व्हर्लिन म्हणाला. "तुझ्या घरातल्या बोळाच्या भिंती पांढऱ्याफटक. एवढा उजेड भिंतीवरून उलटून तुझ्याच डोळ्यांत जाईल. चोर उभा राहील आणि तू बसशील डोळे चोळत. तशी तुझी नजर आधीच थोर. मागच्या हिवाळ्यात हरीण समजून कुणाची टपालपेटी उडवलीस?"

दुकानात सगळे हसले. ओडेलही हसला, न हसून सांगतो कुणाला!

"आता ही रिकामी बंदूक घे. डोळे मीट. बटण दाब."

ओडेलचा अंगठा नळीवर चाचपडत राहिला. "सापडत नाही रे."

"मग ही बॅटरी तुझी नाही. घाबरलेला हात शोधत बसत नाही, सवयीच्या जागी जातो. ही बघ, हिचं बटण पुढच्या मुठीवर आहे. आणि ती कोपऱ्यातली स्वस्तातली घेऊ नकोस, शॉटगनच्या पहिल्याच धक्क्याला दिवा गचकेल. सेल कधी बदलायचे? वसंतात आणि पानगळीत घड्याळं तासभर पुढेमागे करतो ना आपण, त्याच दिवशी. आहे का एवढं ध्यानात, की बायकोला बोलावू?"

शेवटी एक वाक्य तो माझ्याकडे बघत म्हणायचा, कारण ते म्हटल्याशिवाय बॅटरी विकायची नाही असा माझा दंडक होता. "शोधायला हातातली बॅटरी, बंदुकीवरची फक्त रोखायला. बंदुकीच्या उजेडात जे दिसतं, त्याच्याकडे नळीचं तोंड असतं." हे तो शाळेतल्या कवितेसारखं घडाघडा म्हणून टाकायचा.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. त्याच्या घरात स्वयंपाकघराच्या दाराशी, कोट टांगायच्या खुंट्यांवर, त्याची शॉटगन आडवी असायची. बॅटरी लावलेली, आणि भरलेली. "रिकामी बंदूक म्हणजे काठी," असं म्हणायचा. साध्या बॅटरीचे सेल त्याच्या घरी नेहमी गेलेले, मग काहीही हुडकायचं झालं की हात खुंटीकडे. ओट्याखाली शिरलेलं मांजर, फ्यूजची पेटी, कवळी, कचऱ्याच्या डब्यात घुसलेलं रॅकून, सगळं त्याने बंदुकीने शोधलं. एकदा आमचे पाद्रीसाहेब मागच्या दाराने जेवणाचं भांडं परत द्यायला आले, तर तेही त्या उजेडात सापडले. पुढचे कित्येक रविवार ते टकेटांच्या बाकाकडे बघून प्रवचन देत नव्हते. चोर मात्र त्या उजेडात कधी आला नाही. आमच्या गावात दारांना कुलपं लावायची कुणाला सवयच नव्हती.

त्या उजेडात सगळ्यात जास्त वेळा सापडायची ती त्याची बायको. नेडा. शाळेच्या स्वयंपाकघरात पाव भाजायची, चर्चमध्ये खालच्या पट्टीत गायची. लहानशी, पायांचा आवाज न करता चालणारी बाई. लग्नानंतर तिने बोळात मलईच्या रंगाचा कागद लावला होता, निळ्या बारीक फुलांचा. घरात तिच्या आवडीची तेवढीच एक गोष्ट. एक दिवस ती शाळेत असताना व्हर्लिनने त्या कागदावर तंबाखूच्या रंगाचा हात मारला. कारण काय, तर उजेड उलटत होता. संध्याकाळी ती आली, बोळात थोडा वेळ उभी राहिली, आणि कोट काढून खुंटीला लावला. हे मला व्हर्लिननेच सांगितलं, मोठ्या कौतुकाने. "हूं की चूं केलं नाही," म्हणाला.

मग ती जानेवारीतली बर्फाची झड आली. तारा तुटल्या, वीज गेली, आणि भर दुपारी घराघरात अंधारून आलं. व्हर्लिन खुर्चीत घोरत होता म्हणून नेडा त्याला न उठवता तळघरात गेली, बीन्सच्या बरण्या आणायला. फळ्या तिच्या हाताच्या, तिला दिवा लागत नव्हता. बरणीवर बरणी आपटली. व्हर्लिन जागा झाला. हाक मारायला काय लागतं? एक नाव. त्याने खुंटीवरून बंदूक काढली आणि जिन्याच्या तोंडाशी उभं राहून बटण दाबलं.

"व्हर्लिन, मी आहे," ती म्हणाली.

त्याने नळी खाली केली नाही. "हात वर," म्हणाला.

"अरे, मी आहे. नेडा."

"हात वर म्हटलं ना!"

तिने दोन्ही हात वर केले. बरण्या खाली पडल्या, काच पायात घुसली. ती तशीच उभी, पांढऱ्या उजेडात, समोरचं काही दिसत नाही, पण उजेडामागे काय आहे ते पक्कं माहीत. त्याने मनाचं समाधान होईपर्यंत तिला तशी उभी ठेवली आणि मग हसत सुटला. "मला माहीत होतं तूच आहेस!"

हे सगळं त्याने दुकानात नक्कल करून दाखवलं. हात वर, गुडघे लटपटत, पायाशी बीन्स. ऐकणाऱ्यांना हसूनहसून ठसका लागला.

त्यानंतर एकदा नेडा लंगडत दुकानात आली. ती कधी येत नसे. तिने माझ्याकडून एक साधी बॅटरी घेतली, पेन्सिल सेलवर चालणारी, आणि चारचौघांसमोर व्हर्लिनच्या पुढ्यात ठेवली.

"ही मी खुंटीला टांगते," ती म्हणाली. "मला शोधायचं असेल तर हिने शोध. माझ्याच घरात माझ्यावर बंदूक नको. आजवर तुझ्याकडे दुसरं काही मागितलं नाही, पुढेही मागणार नाही."

"जशी आज्ञा, बाईसाहेब," व्हर्लिनने टोपी काढून मान लववली. आठवडा गेला नसेल, त्या बॅटरीतले सेल त्याने टीव्हीच्या रिमोटला घातले.

वसंतात आमच्या गावच्या अग्निशमन दलाची मासळीची जेवणावळ असते. तळलेले मासे, मक्याचे वडे, आणि शेवटी सोडत. त्या वर्षीचं पहिलं बक्षीस माझ्या दुकानातली शॉटगन, बॅटरीसकट. बॅटरी दाखवायला अर्थातच व्हर्लिन. त्याने सभागृहातले दिवे घालवायला लावले, छतावर उजेड फेकला, ओडेलवर दोन विनोद केले आणि म्हणाला, "आता घरातली माणसं कशी ओळखायची, हा प्रश्न आमच्या सौभाग्यवतींनी विचारलाय. त्यावर मी तोड काढली आहे. नेडा, वर ये."

ती येईना. शेजारच्या बायकांनी हसत हसत तिला उठवलं. ती वर गेली तेव्हा त्याने खिशातून गाईच्या गळ्यातली घंटा काढली, लाल फीत लावलेली, आणि सगळ्या गावादेखत तिच्या गळ्यात घातली.

"घरात फिरताना वाजव, म्हणजे मला कळेल की आपलीच गाय आहे."

लोकांनी हसून सभागृह डोक्यावर घेतलं. काही जणांनी टेबलं बडवली. पाद्रीसाहेबही तोंडावर रुमाल धरून हसले. नेडाने घंटेत हात घालून आतला लोळा मुठीत धरला, आणि तसाच धरून जागेवर येऊन बसली. घंटा एकदाही वाजली नाही. मला व्हर्लिनचा इतका राग आला होता की मासा मी ताटातच टाकला. पण पानगळीत हरणांचा हंगाम येणार होता आणि त्याच्यासारखा विकणारा दुसरा मिळणार नव्हता.

ऑक्टोबरात देवाने हिशेब केला म्हणा, नाहीतर रक्तदाबाने म्हणा. व्हर्लिन काउंटरशी उभा राहून ओडेलला म्हणत होता, "तुझ्यासारख्या माणसाला बंदूक देणं म्हणजे..." आणि तिथंच थांबला. पुढचा टोमणा ऐकायला ओडेल हसत वाट बघत राहिला. व्हर्लिनचं तोंड वाकडं झालं आणि तो काडतुसांच्या खोक्यांवर आडवा झाला.

उजवी बाजू गेली. वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, त्याला सगळं कळतं, फक्त बोलता येत नाही. व्हर्लिनला याहून वाईट शिक्षा मला सुचली नसती.

नेडाने नोकरी सोडली आणि त्याची सेवा सुरू केली. गाव तिला संत म्हणायला लागलं. पाद्रीसाहेबांनी तिच्यावर अख्खं प्रवचन दिलं. फेब्रुवारीत एका दुपारी मी मांसाचे तुकडे घातलेले बीन्स आणि मक्याचा पाव घेऊन त्यांच्याकडे गेले.

दार उघडताच रंगाचा वास आला. बोळ पांढराशुभ्र होता.

"तू रंगवलंस?"

"हो गं. रोज थोडं थोडं," नेडा म्हणाली. "आता उजेड छान उलटतो."

स्वयंपाकघरात तिने कॉफी ओतली. खुंटीवर शॉटगन होती, बॅटरी लावलेली. काचेवरची काजळी पुसून लख्ख केलेली.

"सेल बदललेत मी," माझी नजर बघून ती म्हणाली. "घड्याळं मागे केली ना, त्याच दिवशी. तो सांगायचा तसंच."

"काढून ठेव ना ती आता. कशाला लागते तुला?"

"अगं, घरात दुसरी बॅटरी कुठाय? रात्रीदिवसा कितीदा उठावं लागतं. त्याचा चष्मा पडतो, गोळी पलंगाखाली जाते."

"नेडा, काडतुसं आहेत का तिच्यात?"

तिने कॉफीत साखर घालून शांतपणे ढवळली. "व्हर्लिनला विचार. भरायचं काम त्याचं होतं. मला त्यातलं काय कळतंय?"

मी ताट घेऊन त्याच्या खोलीत गेले. पडदे ओढलेले होते, उजेडाने त्याचं डोकं ठणकतं म्हणे. त्याची दाढी केलेली, नखं कापलेली, अंगावर इस्त्रीची चादर. नावं ठेवायला जागा नव्हती. पलंगाच्या कठड्याला, त्याच्या चांगल्या हाताशी, ती गाईची घंटा लाल फितीने बांधली होती. तिला बोलवायला त्याच्याकडे तेवढंच होतं.

जवळ गेले तेव्हा मला वास आला. अंथरूण ओलं होतं, आणि आत्ताचं नव्हे, बऱ्याच वेळाचं.

"अरे, घंटा का नाही वाजवलीस?" मी विचारलं. "ती बसली आहे ना स्वयंपाकघरात."

तो माझ्याकडे बघत राहिला. वीस वर्षं मी त्या डोळ्यांत मिश्कीलपणा बघितला होता. आता ते माझ्याकडे काहीतरी मागत होते. मला वाटलं, लाजतोय. बाईमाणसासमोर ओलं झालं म्हणून लाजत असेल बिचारा. मी ताट ठेवायला जागा करत वाकले आणि माझं कोपर घंटेला लागलं.

घंटा खणकन वाजली.

त्याचा डावा हात असा झेपावला की मी दचकले. त्याने घंटा पकडली आणि आतला लोळा मुठीत घट्ट दाबून धरला. पण आवाज गेला होता. स्वयंपाकघरात खुर्ची सरकली. नेडाची पावलं कधीच ऐकू येत नाहीत, तशी आताही आली नाहीत. आधी उजेड आला. बोळातल्या पांढऱ्या भिंतींवरून उलटत तो दाराशी आला, मग खोलीत, माझ्या कमरेवरून सरकला आणि त्याच्या तोंडावर येऊन थांबला.

"नेडा, मी आहे इथे," मी म्हटलं.

"माहीत आहे गं," उजेडामागून ती म्हणाली. "तू जरा बाजूला हो."

मी बाजूला झाले. व्हर्लिनने घंटा सोडली. त्याचा डावा हात चादरीवरून उचलला गेला आणि हळूहळू वर, डोक्याच्याही वर गेला. उजवा जात नव्हता, तरी खांदा हलवून तो न्यायला बघत होता.

उजेड बराच वेळ तिथंच राहिला.

"मला माहीत होतं तूच आहेस," नेडा म्हणाली, आणि चादर बदलायला आत आली.